गोवन क्रेझी

गोवन क्रेझी हा गोव्यातील गायक, गीतकार, संगीतकार व बहुवाद्यवादक रेमो फर्नांडिस (जन्म : ८ मे १९५३, शिवोली, बार्देश तालुका) यांचा इंग्रजी गीतांचा एकल अल्बम आहे. तो १९८४ साली ध्वनिफितीच्या, म्हणजे कॅसेटच्या रूपात प्रकाशित झाला. गीतलेखन, चाली, सर्व आवाज, सर्व वाद्ये, ध्वनिमुद्रण, मिश्रण, वेष्टनाची सजावट आणि दुकानोदुकानी केलेले वितरण ही सारी कामे रेमो यांनी स्वतः केली. त्यामुळे ‘एकल’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा लागतो. एरवी वाद्यवृंदातून बाहेर पडून गायकाने स्वतःच्या नावावर काढलेल्या अल्बमला हे विशेषण लावतात. अशा अल्बमच्या मागेही वादक, संयोजक, ध्वनिमुद्रक आणि कंपनी असतेच. येथे यांपैकी कोणीही नव्हते.

मराठी श्रोत्यांना रेमो यांचा आवाज बहुधा हिंदी चित्रपटगीतांतून परिचित आहे. ‘बॉम्बे’ (१९९५) या चित्रपटातील ‘हम्मा हम्मा’ आणि ‘प्यार तो होना ही था’ (१९९८) या चित्रपटाचे शीर्षकगीत ही त्यांपैकी सर्वांत गाजलेली गाणी. परंतु या गाण्यांत ते दुसऱ्याच्या चालीवर, दुसऱ्याचे शब्द गातात. त्यांची मूळ ओळख स्वतःची गाणी स्वतः रचणाऱ्या रॉक गायकाची आहे आणि ती ‘गोवन क्रेझी’पासून प्रस्थापित झाली.

पार्श्वभूमी

गोव्यात पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण चर्चला जोडलेल्या ग्रामशाळांतून शेकडो वर्षे दिले जात असे. या शाळांतील ‘मेस्त’ मुलांना स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन वाजवायला आणि समूहात निरनिराळ्या स्वरपट्ट्यांत गायला शिकवीत. या शिक्षणाचा स्थानिक लयीशी व कोकणी भाषेशी मेळ बसून एकोणिसाव्या शतकात मांडो हा गीतप्रकार बहरला. मांडोत व्हायोलिनच्या जोडीला घुमट वाजते. मातीच्या भांड्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणून हे वाद्य तयार करीत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरतात. युरोपीय तंतुवाद्य आणि देशी चर्मवाद्य एकाच गाण्यात सहज नांदावे, ही गोष्ट गोव्यात कोणालाही नवी वाटत नसे. रेमो यांच्या संगीताला पुढे ‘फ्यूजन’ असे नाव मिळाले, पण त्यांच्या गावाला या मिश्रणाची सवय फार जुनी होती. शिवोलीचा झागोर हा उत्सव तर आजही हिंदू आणि ख्रिस्ती ग्रामस्थ एकत्र साजरा करतात.

या शिक्षणावर वाढलेले अनेक गोमंतकीय वादक पोटापाण्यासाठी मुंबईला गेले. हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंद आणि पुढे हिंदी चित्रपटसृष्टीचे वाद्यमेळ त्यांच्याच जोरावर उभे राहिले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड आणि ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो झेवियर वाझ ही त्यांतील ठळक नावे. संगीतकाराने चाल सुचवावी आणि गोमंतकीय संयोजकाने ती स्वरलिपीत उतरवून साठ-सत्तर वादकांमध्ये वाटावी, अशी कामाची रीत होती. तबकडीच्या वेष्टनावर मात्र या संयोजकांचे नाव क्वचितच छापले जाई. चालींच्या बाबतीतही हेच घडले. ‘बॉबी’ (१९७३) या चित्रपटातील ‘ना मांगू सोना चांदी’ हे गाणे ‘हांव सायबा पलतडी वयता’ या कोकणी देखणीवर बेतलेले आहे, हे गोव्याबाहेरच्या फार थोड्या श्रोत्यांना ठाऊक असते. पडद्यावर गोमंतकीय पात्र दिसे ते बहुधा दारूचा पेला हातात घेतलेले, मोडके हिंदी बोलणारे आणि विनोदापुरते. ‘गोवन क्रेझी’च्या वेळची परिस्थिती अशी होती. गोमंतकीय संगीतकार देशभर ऐकला जात होता, पण स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या शब्दांत नव्हे.

रेमो यांची घडण

रेमो यांचे बालपण पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांत गेले. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. बिल हेली यांच्या ‘रॉक अराउंड द क्लॉक’ या तबकडीमुळे त्यांना लहानपणीच रॉक संगीताची गोडी लागली. शाळेत असताना ते ‘द बीट फोर’ या वाद्यवृंदात होते. पुढे मुंबईच्या सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालयात त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले आणि त्याच काळात ‘द सॅव्हेजेस’ या त्या वेळच्या नावाजलेल्या रॉक वाद्यवृंदात गायन-वादन केले. पदवी मिळाल्यावर त्यांनी वास्तुविशारदाचा व्यवसाय मात्र पत्करला नाही. गिटार आणि बासरी ही त्यांची प्रमुख वाद्ये होत.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते युरोप व उत्तर आफ्रिकेत वाटेतल्या वाहनांतून फुकट प्रवास करीत हिंडले. या भटकंतीत ठिकठिकाणच्या वादकांबरोबर त्यांनी कार्यक्रम केले. पॅरिसमध्ये ‘रॉक सिनर्जी’ या वाद्यवृंदाबरोबर त्यांचे ध्वनिमुद्रणही १९७९ साली प्रसिद्ध झाले. युरोपात राहून संगीतावर जगणे त्यांना अशक्य नव्हते, तरीही ते शिवोलीला परतले. हा निर्णय ‘गोवन क्रेझी’च्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरला. मुंबईला न जाता त्यांनी गावातच राहून संगीत करायचे ठरवले.

शिवोलीपासून अंजुणा आणि वागातोरचे किनारे जवळच आहेत. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे पाश्चात्त्य देशांतील हिप्पी येऊन राहत. त्यांच्यातही संगीतकार असत आणि किनाऱ्यावर रात्रभर कार्यक्रम चालत. रेमो त्यांच्यात मिसळले व वाजवले. मात्र त्या वस्तीतील अमली पदार्थांच्या संस्कृतीविषयी त्यांनी पुढे उघड विरोधाची भूमिका घेतली.

भारतातील इंग्रजी रॉक : १९८४ पूर्वी

भारतात रॉक संगीत १९६०च्या दशकातच पोहोचले होते. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून आणि ‘सिमला बीट’सारख्या स्पर्धांतून अनेक वाद्यवृंद पुढे आले. परंतु श्रोत्यांची मागणी मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतील लोकप्रिय गाणी हुबेहूब वाजवण्याची असे. मूळ गाण्याच्या जितके जवळ, तितका वादक चांगला, अशी तेव्हाची कसोटी होती. स्वतःची रचना सादर करायची तर ती एखाद-दुसरी, कार्यक्रमाच्या मध्ये दडवून. ध्वनिमुद्रण कंपन्यांचा व्यवसाय चित्रपटगीतांवर चाले आणि भारतीय कलावंताच्या स्वरचित इंग्रजी गाण्यांसाठी त्यांच्याकडे जागा नव्हती.

देशी भाषांत अपवाद होते. कोलकात्याच्या ‘मोहिनेर घोडागुली’ या वाद्यवृंदाने १९७७ साली बंगालीत स्वतःची गाणी प्रसिद्ध केली होती. गोव्यात तर कोकणी गाण्यांची स्वतंत्र बाजारपेठ होती. ख्रिस पेरी यांच्या चालींवर लोर्ना यांनी गायलेल्या कोकणी गाण्यांच्या तबकड्या घराघरांत वाजत. इंग्रजी रॉकच्या बाबतीत मात्र ‘गोवन क्रेझी’ बराच आधीचा म्हणावा लागतो. मुंबईतील ‘रॉक मशीन’ या प्रसिद्ध वाद्यवृंदाचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा पहिला अल्बम १९८८ साली, म्हणजे चार वर्षांनी आला.

ध्वनिमुद्रण

अल्बमचे ध्वनिमुद्रण शिवोलीतील राहत्या घरी ‘पोर्टास्टुडिओ’ या यंत्रावर झाले. हे यंत्र म्हणजे साधी कॅसेट वापरून चार स्वतंत्र पट्ट्यांवर आवाज नोंदवणारा ध्वनिमुद्रक. टास्कॅम या जपानी कंपनीने १९७९ साली या मालिकेतील पहिले यंत्र बाजारात आणले. त्याआधी बहुपट्टी ध्वनिमुद्रण हे मोठ्या स्टुडिओचेच काम होते. त्यासाठी रुंद फितींची अवजड यंत्रे, वातानुकूलित खोली आणि तासावर मोजले जाणारे भाडे लागे.

या यंत्राचे कार्य समजून घेतल्याशिवाय अल्बममागील श्रमाची कल्पना येत नाही. साध्या कॅसेटवर चार अरुंद पट्ट्या असतात. त्यांपैकी दोन पहिल्या बाजूला आणि दोन फीत उलटवल्यावर दुसऱ्या बाजूला वाजतात. पोर्टास्टुडिओ या चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरतो. त्यामुळे फितीची दुसरी बाजू वापरता येत नाही. शिवाय आवाजाचा दर्जा राखण्यासाठी पहिल्या नमुन्यात फीत दुप्पट वेगाने फिरत असे. परिणामी ६० मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम १५ मिनिटांचे काम मावे.

एकट्या माणसाने चार पट्ट्यांवर पूर्ण वाद्यवृंद उभा करायचा तर एक युक्ती वापरावी लागते. प्रथम तालवाद्य, मग बास, मग गिटार असे तीन पट्ट्यांवर एकामागून एक वाजवायचे. त्या तिन्हींचे मिश्रण चौथ्या पट्टीवर उतरवायचे. मग पहिल्या तीन पट्ट्या पुसून त्यांवर नवी वाद्ये आणि आवाज घ्यायचे. प्रत्येक नवे वाद्य वाजवताना आधीचे कानांवरील श्रवणयंत्रातून ऐकत राहावे लागते, म्हणजे आपणच आपल्याला साथ करायची. या पद्धतीत दोन अडचणी असतात. प्रत्येक उतरवणुकीबरोबर फितीची खरखर वाढते आणि एकदा केलेले मिश्रण परत सुटे करता येत नाही. तालवाद्याचा आवाज थोडा मोठा राहिला हे शेवटी लक्षात आले, तर सर्व काम पहिल्यापासून करावे लागते. म्हणून गाण्याचा शेवटचा आराखडा पहिला ठोका वाजवण्यापूर्वीच मनात पक्का असावा लागतो. वास्तुशास्त्राच्या शिक्षणाचा येथे काही उपयोग झाला असेल, असे म्हणण्याचा मोह होतो.

अशा ध्वनिमुद्रणाला आधीची उदाहरणे होती. बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी यांनी १९७० साली ‘मॅकार्टनी’ हा अल्बम बव्हंशी घरी, सर्व वाद्ये स्वतः वाजवून केला होता. अमेरिकन गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा ‘नेब्रास्का’ (१९८२) हा अल्बम तर पोर्टास्टुडिओवरच झाला. जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी न्यू जर्सीतील घरी, शयनगृहात बसून गाण्यांचे कच्चे ध्वनिमुद्रण केले. पुढे ती गाणी वाद्यवृंदासह स्टुडिओत करून पाहिल्यावर कच्चे मुद्रणच सरस वाटल्याने तेच प्रकाशित झाले. फरक एवढाच की या दोघांना मोठी कंपनी आणि उत्तम स्टुडिओ केव्हाही उपलब्ध होते. घरी मुद्रण करणे ही त्यांनी केलेली निवड होती. शिवोलीत ती गरज होती.

प्रकाशन आणि विक्री

अल्बमचे प्रकाशन कॅसेटच्याच स्वरूपात झाले आणि त्याला तसे कारण होते. तबकडी काढायची तर कारखान्यात साचा तयार करून शेकडो प्रती एकदम दाबून घ्याव्या लागत. कॅसेटच्या प्रती मात्र मागणीनुसार थोड्या थोड्या काढता येत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांनी गोवा, केरळ आणि कोकणात कॅसेट वाजवणारी यंत्रे मोठ्या संख्येने आणली होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला देशभर कॅसेटचा सुळसुळाट झाला. तोवर भारतीय ध्वनिमुद्रण व्यवसायावर ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या एका मुद्रेचे वर्चस्व होते, ते या स्वस्त माध्यमाने मोडून काढले. भजने, कव्वाल्या, लावण्या, प्रादेशिक लोकगीते असा मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेला बराच ऐवज याच काळात कॅसेटवर आला. ‘गोवन क्रेझी’चा इतिहास इंग्रजी रॉकच्या इतिहासात लिहिला जातो, पण व्यवसायाच्या दृष्टीने त्याचे नाते या प्रादेशिक कॅसेटांशी अधिक जवळचे आहे.

वितरक नसल्याने रेमो आपल्या पिवळ्या स्कूटरवरून गोव्यातील दुकानांत स्वतः कॅसेट पोहोचवीत. गोव्याची बाजारपेठ आटोपशीर असल्यामुळे ते जमले. पणजी, म्हापसा, मडगाव आणि वास्को ही चार गावे धरली की बहुतेक दुकाने आवाक्यात येत. इंग्रजी समजणारा आणि पाश्चात्त्य संगीत ऐकणारा श्रोताही येथे शहरापुरता मर्यादित नव्हता, तो खेड्यांतही होता. सुट्टीवर आलेल्या गोमंतकीयांबरोबर आणि पर्यटकांबरोबर या कॅसेट मुंबईला व परदेशी गेल्या.

शीर्षक, भाषा आणि आशय

‘गोवन क्रेझी’ या शीर्षकात श्लेष आहे. इंग्रजीत ‘वेडा होत चाललो आहे’ या अर्थाचा जो बोलीतला शब्दप्रयोग आहे, त्यातील क्रियापदाच्या जागी ‘गोवन’ म्हणजे गोमंतकीय हा उच्चारसाधर्म्याचा शब्द बसवला आहे. त्यामुळे ‘वेडावत चाललेला’ आणि ‘गोव्याचा वेडा’ असे दोन्ही अर्थ निघतात. पुढच्या ‘ओल्ड गोवन गोल्ड’ (१९८५) या शीर्षकातही जुने ते सोने या अर्थाच्या इंग्रजी म्हणीत ‘गोवन’ शब्द घातला आहे. या दुसऱ्या अल्बममध्ये त्यांनी जुनी गोमंतकीय गाणी नव्या वाद्यमेळात सादर केली. स्वतःच्या रचनांचा पहिला संग्रह काढल्यावर लगेच परंपरागत गाण्यांकडे वळणे हे रॉक गायकाच्या बाबतीत नेहमीचे नाही. त्यातून त्यांची मुळे कोठे आहेत, ते कळते.

रेमो यांच्या इंग्रजीचा बाज बोलण्याचा आहे. गोमंतकीय माणूस घरात आणि बाजारात जसे इंग्रजी बोलतो, त्याच्या जवळपासचे ते आहे. अमेरिकन उच्चारांची नक्कल हे तेव्हाच्या भारतीय रॉक गायकांचे व्यवच्छेदक लक्षण होते. रेमो यांनी विषय, संदर्भ आणि विनोद तिन्ही इथलेच घेतले. ‘ओड टू ग्रॅहम बेल’ या त्यांच्या गाण्यात त्या काळच्या भारतीय दूरध्वनी सेवेची थट्टा आहे. ज्यांनी त्या काळी दूरध्वनीच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्यांना त्यातील विनोद समजावून सांगावा लागत नाही.

इंग्रजीत गाणे हा मात्र गोव्यात निरुपद्रवी मामला नव्हता. १९६७च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्याविरुद्ध मत दिले होते. त्यानंतरही कोकणी आणि मराठी यांच्या स्थानावरून वाद चालूच राहिला. १९८०च्या दशकाच्या मध्यात राजभाषेच्या प्रश्नावर तीव्र आंदोलने झाली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा संमत होऊन देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा ठरली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही मुभा मिळाली. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. ‘गोमंतकीय कोण?’ हा प्रश्न भाषेच्या आधारे विचारला जात असताना एका गायकाने इंग्रजी गाण्यांच्या संग्रहाच्या शीर्षकात ‘गोवन’ हा शब्द मिरवला, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. त्यांनी कोकणी, पोर्तुगीज, फ्रेंच आणि हिंदी भाषांतही गाणी केली आहेत. कोकणीचा अभिमान आणि इंग्रजीतील अभिव्यक्ती यांत त्यांना विरोध वाटला नाही. प्रत्येकाला हे पटेलच असे नाही. भाषा हा ज्यांच्या दृष्टीने अस्मितेचा प्राण आहे, त्यांनी या भूमिकेवर घेतलेला आक्षेप समजण्यासारखा आहे.

पुढील अल्बम आणि सामाजिक गीते

१९८६ साली ‘पॅक दॅट स्मॅक’ हा अल्बम आला. ‘स्मॅक’ हे हेरॉइनचे बोलीतील नाव. त्या काळात ‘ब्राउन शुगर’ या नावाने विकले जाणारे अशुद्ध हेरॉइन मुंबई व गोव्यातील तरुणांमध्ये वेगाने पसरत होते. शीर्षकगीत आणि ‘डाउन विथ ब्राउन’ ही गाणी त्याविरुद्ध आहेत. रॉक गायकाने अमली पदार्थांविरुद्ध गावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. ज्या किनाऱ्यावर हा व्यवहार चाले, त्याच्या शेजारच्या गावात राहणाऱ्याला तो प्रश्न दूरचा नव्हता. १९८७ मध्ये ‘बॉम्बे सिटी’ आणि १९९२ मध्ये ‘पॉलिटिशियन्स डोन्ट नो टू रॉक अँड रोल’ हे अल्बम प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच्या नावातच राजकारण्यांवरील रोख आहे. १९९८ साली ‘ओ मेरी मुन्नी’ हा हिंदी गाण्यांचा अल्बम आला आणि दूरचित्रवाणीवरील संगीत वाहिन्यांमुळे तो घरोघरी पोहोचला.

‘हॅलो राजीव गांधी’ हे गाणे त्यांनी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या उपस्थितीत गोव्यात सादर केले. पंतप्रधानांना थेट नावाने हाक मारून गोव्याची गाऱ्हाणी सांगणे काहींना अवमानकारक वाटले आणि वृत्तपत्रांतून टीका झाली. रेमो यांनी त्या टीकेची कात्रणे राजीव गांधी यांच्याकडे पाठवली, तेव्हा गाणे आवडल्याचे त्यांनी पत्राने कळवले. गाऱ्हाणे हा शब्द येथे हेतुतः वापरला आहे. कोकणात आणि गोव्यात देवापुढे मोठ्याने, सर्वांदेखत गाऱ्हाणे घालण्याची प्रथा आहे आणि या गाण्याची रीत तिच्याशी जुळणारी आहे.

चित्रपट

श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ (१९८५) हा चित्रपट पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दिवसांतील एका गोमंतकीय कुटुंबावर आधारलेला आहे. त्याचे चित्रीकरण लोटली येथील व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या वाड्यात झाले. वनराज भाटिया यांच्या संगीताने सजलेल्या या चित्रपटात रेमो गायक म्हणून पडद्यावरही दिसतात. पंकज पराशर यांच्या ‘जलवा’ (१९८७) या चित्रपटाच्या शीर्षकगीताने त्यांना हिंदी श्रोत्यांत प्रथम मोठी प्रसिद्धी दिली. ‘बॉम्बे’साठी ए. आर. रहमान यांनी व ‘प्यार तो होना ही था’साठी जतीन-ललित यांनी त्यांचा आवाज वापरला. दुसऱ्या गाण्यात त्यांच्यासोबत जसपिंदर नरुला यांचा आवाज आहे.

या गाण्यांनी रेमो यांना पैसा व लोकप्रियता दिली. त्यांच्या स्वतःच्या रचनांना मात्र त्यांनी झाकून टाकले, असेही म्हणता येईल. आजही समारंभांतून त्यांच्याकडे मागणी होते ती बहुधा या चित्रपटगीतांचीच.

पुरस्कार व सन्मान

घरी मुद्रित केलेल्या पहिल्या दोन अल्बमनंतर लगेचच रेमो यांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. १९८६ साली तत्कालीन पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय गीत महोत्सवात त्यांनी तीन पुरस्कार पटकावले. शीतयुद्धाच्या काळात समाजवादी देशांतील या महोत्सवात एका भारतीय रॉक गायकाला मिळालेले हे यश भारतीय वृत्तपत्रांच्या दृष्टीने नवलाचे होते. भारत सरकारने २००७ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. कंपनीविना, कॅसेट पदरमोड करून काढणाऱ्या कलावंताला हा नागरी सन्मान मिळेपर्यंत ‘गोवन क्रेझी’ला २३ वर्षे झाली होती.

स्थान

‘गोवन क्रेझी’चे तांत्रिक दोष उघड आहेत. चार पट्ट्यांच्या फितीची मर्यादा आवाजात जाणवते. स्टुडिओत अनुभवी वादकांनी केलेल्या मुद्रणातील भरदारपणा त्यात नाही. सर्व वाद्ये एकाच माणसाने वाजवल्यामुळे दोन वादकांमध्ये होणारी अनपेक्षित देवघेवही त्यात असू शकत नाही. रॉक संगीताचा प्राण बहुतेकदा त्या देवघेवीतच असतो, हेही मान्य करावे लागेल. पुढील काळात रेमो यांनी आपल्या वाद्यवृंदासह केलेले रंगमंचीय कार्यक्रम अधिक गाजले, याचे कारण कदाचित हेच असावे.

तरीही भारतातील स्वतंत्र, म्हणजे चित्रपटबाह्य व कंपनीबाह्य संगीताचा विचार करताना या अल्बमचा उल्लेख टाळता येत नाही. आज संगणकावर घरी गाणी तयार करून आंतरजालावर चढवणे सामान्य झाले आहे. १९८४ साली शिवोलीत हीच पद्धत फीत, चार पट्ट्या आणि स्कूटर यांच्या आधारे अमलात आली होती. महानगरात न जाता गावात राहून संगीताचा पूर्ण व्यवहार करता येतो, हे तिने दाखवले. रेमो यांच्या आधीच्या पिढीतील गोमंतकीय वादकांना हा पर्याय मिळाला नव्हता. त्यांना रोजगारासाठी गाव सोडावेच लागले.

रेमो यांचे आत्मचरित्र इंग्रजीत २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या आवाजातील ‘मारिया पिताशे’ हे पोर्तुगीज काळापासून गोवा-दमणमध्ये गायले जाणारे गाणे ‘डेव्हिड’ (२०१३) या हिंदी चित्रपटात वापरले गेले आणि जुन्या गाण्यांना नवा वाद्यसाज देण्याचे त्यांनी १९८५ मध्ये सुरू केलेले काम एका नव्या पिढीच्या कानांवर पडले.